रहा आणि रिहा

माझं उर्दू चांगलं होतं. ही गोष्ट मला नम्रपणे सांगता येत नाही, आणि या वयात नम्रपणाचं सोंग आणण्यात अर्थही नाही. आमच्या घरी चुलीपाशी मराठी, दुकानात गिऱ्हाइकांशी कानडी आणि शाळेत उर्दू, असा तीन तऱ्हांचा कारभार होता. निजामाचं राज्य होतं, त्यामुळं इतिहास-भूगोलापासून बेरीज-वजाबाकीपर्यंत सगळं उर्दूतून. वर्गातली निम्मी पोरं त्या भाषेला शिव्या घालत शिकली, मी मात्र तिच्यावर लट्टू झालो. माझं अक्षर लोक एकमेकांना दाखवत. घमेंड होतीच. पुढं जे झालं त्यात त्या घमेंडीचा वाटा किती आणि भित्रेपणाचा किती, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

त्या लिपीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कळणार नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यांच्यासाठी खुणा आहेत. अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ दिली की तिला जबर म्हणतात, तिथं 'अ' वाचायचा. तीच रेघ अक्षराच्या पायाशी दिली की जेर, तिथं 'इ'. पण या खुणा पोरांच्या पहिल्या पुस्तकापुरत्या. मोठी माणसं त्या गाळतात आणि मजकुराच्या ओघात बरोबर वाचतात. जेर-जबर देऊन लिहिणाऱ्याला आमचे मास्तर दूधपिता म्हणायचे. तर 'रहा' असा एक शब्द आहे, म्हणजे राहिला. आणि 'रिहा' असा एक शब्द आहे, म्हणजे कैदेतून सुटला. खुणा न देता लिहिले तर दोन्ही कागदावर अगदी सारखे दिसतात. तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी चोविशीत होतो. सोलापूरकडून फौज आली, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. मी पेढे वाटले, हे लपवायचं कारण नाही. माझा थोरला भाऊ निजामाच्या तुरुंगात होता. तो घरी आला तेव्हा त्याच्या डाव्या पायाची टाच जमिनीला टेकत नव्हती. आत काय केलं ते त्यानं आईला कधीच सांगितलं नाही, मला मात्र सांगितलं. रझाकारांनी आमचं दुकान फोडलं होतं ते वेगळंच. तेव्हा त्या दिवसांत माझ्या मनात दया फार उरली होती असं कुणी समजू नये.

नंतरच्या आठवड्यांत आमच्या भागात जे झालं, ते आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नाही. मीही सगळं सांगणार नाही, माझ्या वाट्याचं तेवढं सांगतो. गावाबाहेर मुरुम गावाच्या रस्त्याला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं. त्याला तारा लावल्या आणि आसपासच्या गावांतले मुसलमान बाप्ये गोळा करून आत घातले. त्या गावांत काही खरेच रझाकार होते. पण ते शहाणे, आधीच पसार झाले होते. सापडले ते बहुतेक घरीच बसून राहिलेले लोक. फौजेनं त्यांना स्थानिक पोलिसांच्या आणि गावोगावच्या हौशी पहारेकऱ्यांच्या हवाली केलं आणि ती पुढं निघून गेली.

त्या लोकांत आमचा पिंजारी होता. आमचा म्हणजे सगळ्या गावाचा. दिवाळीच्या आधी खांद्यावर पिंजण टाकून तो दारोदार यायचा, अंगणात बसून जुना कापूस पिंजायचा, आणि त्या तारेचा आवाज गल्लीभर घुमायचा. त्याच्यावर आरोप काय, तर त्यानं रझाकारांच्या गाद्या भरल्या. भरल्याच होत्या. त्यानं तहसीलदाराच्याही भरल्या होत्या, देवळाच्या पुजाऱ्याचे लोड भरले होते आणि माझ्या बहिणीच्या लग्नातली गादीही भरली होती. पण त्या दिवसांत एवढं पुरत होतं.

कचेरीला जाताना मला जिनिंगवरून जावं लागे. आत कापसाच्या गोदामात माणसं कोंबलेली. दिवसातून एकदा पाणी. जमिनीवरची जुनी सरकी कुजलेली, आणि तो बारीक तंतूंचा धुरळा त्यांच्या छातीत जायचा. सगळं गोदाम खोकायचं. रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. एक-दोनदा दुसरेही आवाज आले, ते खोकल्याचे नव्हते. माझ्या भावानं मला तुरुंगातलं जे सांगितलं होतं, तसलेच होते. मी पाय उचलले.

ज्यांच्या अंगात बळ होतं त्यांना सकाळी रस्त्याच्या कामावर काढत. एकदा त्या रांगेत मला पिंजारी दिसला. ओळखायला वेळ लागला, कारण दाढी अर्धीच कापलेली होती. कुणीतरी गंमत केली होती. त्यानं मला बघून हात वर केला आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुमच्या घरची रजई राहिली बगा यंदा." मी हसलो. पहारेकरीही हसला. रांग पुढं गेली. मी त्याला पाहिलं ते शेवटचं.

मी कचेरीत मुतर्जिम म्हणून लागलो होतो. मुतर्जिम म्हणजे भाषांतर करणारा. जुनी दप्तरं सगळी उर्दूत, खालचे कारकूनही उर्दूतच लिहिणारे, आणि नवे साहेब पुण्याकडचे. त्यांना उर्दूचा गंध नव्हता. तेव्हा जुन्या सरकारचा प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जायचा, मग साहेबांच्या टेबलावर. नव्या सरकारनं एक चांगलं काम काढलं होतं. निजामाच्या तुरुंगांत कैद्यांचे हाल कुणी केले, कुणाच्या हुकुमानं केले, त्याची चौकशी. माझ्या भावाची फाईल त्यात होती. त्याच्या तुरुंगाच्या दप्तरात एक शब्द पुसट होता, तो 'ज़र्ब' आहे की 'हर्ब' यावर मी अर्धा दिवस घालवला. एक म्हणजे मार, दुसरा म्हणजे युद्ध. भिंग आणलं, दुसऱ्या पानांवरचं अक्षर ताडून पाहिलं. शेवटी मार ठरला. मी तो मराठीत नीट लिहिला, खाली टीप दिली, सही केली. इतकं नेकीनं काम मी आयुष्यात थोडं केलं असेल.

हिवाळ्यात जिनिंगची छावणी मोडली. वरून विचारणा आली की तिथं किती कैदी ठेवले, किती सुटले, किती मेले. साहेबांनी छावणीचं रजिस्टर माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "आजच्या टपालानं उत्तर जायला हवं."

रजिस्टर एका म्हाताऱ्या मुहर्रिरनं लिहिलं होतं. जुन्या राजवटीतला कारकून, कुणी दुसरा मिळाला नाही म्हणून त्यालाच बसवलेलं. अक्षर धावतं, पण वळणदार. नावापुढं रोजच्या तारखेला एक-एक शब्द. गया, गया, गया. म्हणजे कामावर गेला. शेवटच्या पानांवर काही नावांपुढं 'गया' थांबून एक-दोन दिवस दुसराच शब्द यायचा. त्यानंतर ती ओळ कोरी. असली अकरा नावं होती. पिंजाऱ्याचं त्यात होतं.

तो शब्द बघून माझा बोरू थांबला. थांबला होता, हे मी शपथेवर सांगतो, कारण पुढं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत होतो की मी सरळ चुकलो. मी चुकलो नाही. मला त्या शब्दाची दोन्ही तोंडं दिसली होती. साहेबांनी मान वर केली.

"काय अडलं?"

"या अकरा जणांपुढं रिहा आहे साहेब, बहुतेक."

"रिहा म्हणजे सुटला ना?"

"होय."

"मग लिहा की."

मी लिहिलं. अकरा जण सुटले. छावणीत मेलेल्यांच्या रकान्यात काहीच आलं नाही. साहेब खूश झाले. मीही, खरं सांगायचं तर, हलका झालो. आपल्या सरकारच्या ताब्यात कुणी मेलं नाही, ते निजामाच्या राज्यात होत होतं, असं मला वाटायला हवं होतं आणि ते कागदावर आलं होतं.

उन्हाळ्यात पिंजाऱ्याची बायको कचेरीच्या आवारात आली. मी तिला भाबी म्हणायचो. आवारातल्या लिंबाखाली मी जेवणाच्या सुट्टीत बसायचो, तिथं लोक कागद वाचून घ्यायला यायचे. तिच्या हातात सरकारी उत्तर होतं. तिनं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता की माझा नवरा छावणीत होता, त्याचं काय झालं ते कळावं. उत्तर मराठीत होतं, आणि त्यातलं वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. मी ते तिला वाचून दाखवलं. सदर कैदी अमुक तारखेस सुटला असून त्यानंतर त्याच्याविषयी सरकारला माहिती नाही.

"सुटला म्हनं?" ती म्हणाली.

"असं लिहिलंय."

"जिनापासनं माझं घर किती लांब हाय मुन्शीजी? तिथनं बिडी पेटवली तर दारात येईस्तवर विझत न्हाय. मग तो आला का न्हाय?"

ती माझ्यासमोर मातीत बसली. आमच्याकडच्या मुसलमान बायका नवरा असेतोवर गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालतात, लच्छा म्हणतात तिला. तो लच्छा ती बोटांनी सारखा फिरवत होती.

"मोहल्ल्यात समदे म्हनत्यात, गेला कराचीला, तिकडं दुसरी केली. म्या कुनाचं ऐकलं न्हाय. पन आता सरकारच म्हनतंय सुटला." मग तिचा आवाज खाली गेला. "त्याला धरून नेलं त्या सकाळी आमचं भांडन झालं हुतं. म्या म्हनत हुते, गुलबर्ग्याला माझ्या भावाकडं जाऊ, हितं ऱ्हाऊ नगं. तो म्हने, लोकांच्या रजया कोन भरंल? म्या चिडले. म्हनले, ऱ्हा मग, आन् मला परत तोंड दावू नगं. घटकाभरानं त्ये आले आन् त्याला घिऊन गेले. मुन्शीजी, त्यानं माझं बोलनं मनावर घितलं का? येवढंच सांगा मला. सुटला आन् मुद्दाम आला न्हाय का?"

मी म्हणालो, बघतो. सुट्टी संपायची होती तरी उठून आत गेलो आणि रजिस्टर काढलं.

पहिली पानं उलटली. छावणी नवी होती तेव्हा वशिल्यानं काही जण खरोखर सोडले होते. त्यांच्या नावांपुढं मुहर्रिरनं जुन्या कचेरीच्या फारसी रिवाजानं लिहिलं होतं, 'रिहा शुद'. सोडण्यात आला. प्रत्येकापुढं 'शुद' होतं, एकाही ठिकाणी गाळलेलं नव्हतं. त्या अकरा नावांपुढं नुसता तो एकच शब्द होता. बाकीचे कामावर गया, हा रहा. आतच राहिला. उठू शकला नाही. दुसऱ्या दिवशीही रहा. आणि मग ओळ कोरी.

जेर-जबरची गरजच नव्हती. 'शुद' नाही एवढं बघायचं होतं. भावाच्या फायलीसाठी मी पानन् पान ताडून पाहिलं होतं. इथं मी चार पानं मागं उलटली नव्हती.

मुहर्रिर तेव्हा कळंबला मुलीकडं राहायला गेला होता. पुढच्या आठवड्यात कचेरीच्या कामाचं निमित्त काढून मी तिकडं गेलो. ओसरीवर बसला होता, दम्यानं बेजार. त्यालाही त्या धुरळ्यानं सोडलं नव्हतं. मी शब्द सांगताच त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"रिहा?" तो म्हणाला. "मियाँ, आप तो पढे-लिखे हैं. जो रहा, सो वहीं रहा."

मग त्यानं सांगितलं. उठू न शकणाऱ्यांना उठवण्यासाठी काय करत ते सांगितलं. त्यातलं मी एवढंच लिहितो की पाणी तोडत. पिंजारी दोन दिवस पडून होता, तिसऱ्या दिवशी सकाळी हलेना. जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून खड्डा होता, पूर्वी कुजकी सरकी टाकायचा. अकराही जण तिथं. मुहर्रिरनं 'फ़ौत' लिहायला, म्हणजे मेला असं लिहायला बोरू उचलला, तेव्हा पहारेकऱ्यांच्या मुकादमानं त्याचा हात धरला आणि सांगितलं, इथं कुणी मरत नाही. म्हणून त्यानं ओळी कोऱ्या सोडल्या. "कोऱ्या ओळीचा अर्थ पढनेवाला समझेगा, असं वाटलं मला," तो म्हणाला. तो वाचणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं, मला खुर्ची दिली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "सुटला असं आपण कळवलंय. आता राहिला असं कळवायचं, तर वरून पुढचा प्रश्न येणार. राहिला, तर आहे कुठं?"

"भिंतीमागं आहे साहेब."

"ते कोण सांगतो? जुन्या सरकारचा काढून टाकलेला नोकर." थोडा वेळ ते काचेच्या पेपरवेटशी खेळत बसले. "आणखी एक बघा. तुमचं हे भाषांतर चुकलं म्हटलं, की तुमची सगळीच संशयात येतात. निजामाच्या तुरुंगांची जेवढी कागदपत्रं तुम्ही केलीत, ती सगळी. तुमच्या भावाचीसुद्धा. पलीकडचा वकील तेवढंच धरून बसेल."

हे त्यांनी धमकी म्हणून म्हटलं नसावं. खरंच होतं ते. पण मला ते हवंच होतं की काय, अशा घाईनं मी मान डोलावली. भावाला न्याय मिळायचा तर पिंजाऱ्याला सुटलेलाच ठेवायला हवा, हा हिशेब मी उभ्या उभ्या मान्य केला. उठताना साहेब म्हणाले की रजिस्टर चार दिवसांत हैदराबादला जाणार आहे, बांधून ठेवा.

त्या बाईला मात्र मी खरं सांगितलं. एवढं एक केलं. तिच्या घरी गेलो नाही, घाबरलो. ती आवारात आली तेव्हा लिंबाखालीच सांगितलं, हळू आवाजात, इकडंतिकडं बघत. भाबी, तो सुटला नव्हता. आतच राहिला. आजारी होता. तिथंच गेला. पाण्याचं सांगितलं नाही.

मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल आणि कचेरीतले लोक बाहेर येतील. ती तशी बसूनच राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्हंजी टाकून न्हाय गेला मला."

"नाही."

"यायचं हुतं त्याला."

"यायचंच होतं भाबी."

तिनं डोळे मिटले. इतकं सुटल्यासारखं तोंड मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि ते नवरा मेल्याचं ऐकून झालं होतं. मला रडू आलं. ती मात्र पक्की बाई. तिनं विचारलं, मग कागदावर सुटला कसं आलं? मी खोटं बोललो नाही तेव्हा. काडी घेऊन मातीत तो शब्द लिहिला, आणि दाखवलं, वर रेघ दिली की राहिला, खाली दिली की सुटला. वाचणाऱ्यानं चुकीचं वाचलं. वाचणारा मीच, हे तिला मी सांगितलं की तिनं ओळखलं, आता आठवत नाही. तिनं मातीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"येवढीच रेघ?"

"एवढीच."

"ती वही तुमच्याकडंच हाय न्हवं?"

"आहे. परवा जाणार हैदराबादला."

"मग वढा की," ती म्हणाली. "मला दुसरं कायबी नगं. मोहल्ल्यातल्या लोकांचं तोंड म्या काय धरनार? सरकारच्या वहीत त्याला ऱ्हायला म्हना. मंग म्या हा लच्छा काढते आन् त्याच्या नावानं बसते."

बसते म्हणजे इद्दत. त्यांच्यात नवरा गेला की बायको चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, तो तिचा दुखवटा. गेल्याचं कळल्याशिवाय ती बसायची कशी? लच्छा काढायचा कसा? इतके महिने ती बाई ना बायको होती ना विधवा, आणि ते माझ्या एका ओळीमुळं.

परवाच्या दिवशी सकाळी मी रजिस्टर पुढं घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. पान उघडलं. दौत उघडली, बोरू बुडवला. अकरा शब्द, अकरा रेघा, मिनिटभराचं काम. पहिली त्याच्यावर द्यायची म्हणून बोरू त्या शब्दाच्या वर धरला. आणि मला दिसलं की मुहर्रिरची शाई जुनी, तपकिरी पडलेली आहे, माझी काळी आहे. कुणाच्याही लक्षात येईल. दप्तरात खाडाखोड म्हणजे नोकरी गेली, वर खटला. भावाची फाईल गेली. आईला काय सांगू? हे सगळं मी स्वतःला सांगितलं. बोरूच्या टोकावरची शाई वाळली. तेवढा वेळ मी तसाच बसलो होतो. मग शिपाई आला, आम्ही दोघांनी रजिस्टर फडक्यात बांधलं, लाख लावली, आणि ते गेलं.

दुपारी ती लिंबाखाली उभी होती. मी मागच्या दारानं जाऊ शकलो असतो. गेलो नाही, आणि ते धैर्य होतं असं मी समजत होतो.

"वढली का?" तिनं विचारलं.

"होय," मी म्हणालो.

तिनं तिथंच, उभ्यानं, दोन्ही हात मानेमागं नेऊन लच्छा सोडला. मणी मुठीत घेतले. आणि चालू लागली. नेहमी ती हळू चालायची, त्या दिवशी झपाझप गेली. तिला घरी जाऊन बसायची घाई झाली होती.

तिच्या इद्दतीच्या दिवसांत गावात बातमी पसरली. सरकारनं चूक कबूल केली, पिंजारी सुटला नव्हता, छावणीत मेला, वहीत तसं लिहिलंय. ती दाराआडून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना तसंच सांगत होती. कराचीची बोलणी बंद पडली. मला वाटायचं, कुणीतरी जाऊन विचारेल, वही मागवेल, मी उघडा पडेन. कुणी विचारलं नाही. आपल्या सरकारनं अशी चूक कबूल केली असेल, यावर लोकांचा चटकन विश्वास बसला. लोकांना तो ठेवायचा होता. मलासुद्धा कधीकधी वाटायचं की रेघ ओढलीच आहे.

भावाची चौकशी पुढं बारगळली. कुणाला शिक्षा झाली नाही. तो शेवटपर्यंत टाच उचलूनच चालला.

चार महिने दहा दिवस भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली. मी बाहेर गेलो. पांढरी ओढणी, गळा मोकळा, आणि तोंडावर अशी शांती की मला तिच्याकडं बघवेना.

"मुन्शीजी, तुमाला सांगायला आले," ती म्हणाली. "कयामतच्या दिवशी म्या सरकारचा पदर धरनार हुते. समद्यांच्या म्होरं, अल्लाच्या दरबारात. माझा मानूस चालत आत गेला, भाईर का न्हाय आला, म्हनून इचारनार हुते. रोज नमाजाला त्येच मागत हुते, की तेवढा दावा माझा ऐकून घे. आता सोडला बगा. त्यांनी कबूल केलं, म्या माफ केलं. आज पहाटं फजरच्या नमाजाला तसं सांगून टाकलं."

मी तिथंच तिला खरं सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. मी म्हणालो, "बरं केलंत भाबी."

त्यानंतर ती खूप वर्षं जगली. स्वतः पिंजण घेऊन दारोदार जायची, आणि मी रस्त्यात दिसलो की थांबून सलाम करायची. मला रोज एक संधी होती, आणि मी ती रोज घालवली. इथं सरकारला जाब विचारणारं कुणी नव्हतंच. एका ठिकाणी तो विचारला जाणार होता, आणि विचारणारी बाई मी गप्प करून पाठवली.